पोत्याचं वजन

महिन्याचा किराणा आला त्या दिवशी नेमकी आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. आम्ही चौथ्या मजल्यावर. मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. खांद्यावर तांदळाची बॅग, एका हातात तेलाचे डबे, दुसऱ्यात साबण-चहाची पिशवी आणि मोबाइल चक्क दातांत धरलेला. दाराशी त्याने सगळं टेकवलं, कमरेवर हात ठेवून दोन श्वास घेतले आणि ओटीपी विचारला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. त्यांनी मला आधी पाणी आणायला पिटाळलं आणि मग त्याला विचारलं, "समदं मिळून वजन किती रं?"

"माहीत नाही, काका."

"तुला सांगत न्हाईत?"

"आयटम दिसतात ना. चौदा आयटम आहेत."

"मग हमाली कशावर धरत्यात?"

मुलगा हसला. हमाली हा शब्द त्याला गमतीचा वाटला असावा. "किलोमीटरवर मिळतात पैसे, काका." आणि धडाधड जिने उतरत तो गेला, कारण तोवर पुढची ऑर्डर वाजली होती.

मी त्याला वरचे वीस रुपये दिले होते. ॲपवर पाच चांदण्याही दिल्या. मला बरं वाटलं. अण्णांना वाटलं नाही. संध्याकाळभर ते मधूनच म्हणत राहिले, "किलोमीटरवर. म्हंजे रिकाम्या हातानं आला काय अन् भरल्या हातानं आला काय, सारखंच." रात्री जेवता जेवता पुन्हा आठवण झाली. "अन् जिन्याचं तर कायच न्हाई त्यात."

अण्णा पुण्याच्या भुसार बाजारात चाळीसेक वर्षं हमाल होते. करमाळ्याकडचे आम्ही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून झाली, सुकडी खाऊन झाली, तेव्हा सतराव्या वर्षी ते गावातल्या एकाच्या ओळखीने नाना पेठेत येऊन उभे राहिले. पुढे बाजार गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला, तसे तेही गेले. त्यांचं सगळं आयुष्य पोतं या एका वस्तूभोवती गेलं. बाकीची माणसं वर्षं लग्नांवरून, निवडणुकांवरून मोजतात. अण्णा म्हणतात, "तेव्हा साखर शंभराची व्हती."

शंभराची म्हणजे शंभर किलोची. पोत्यावर छापलेले शंभर. बारदानाचं वजन वर, आणि पावसात भिजलेल्या बारदानाचं आणखी वर. दोघं जण दोन टोकांना हूक लावून पोतं उचलून द्यायचे आणि तिसरा त्याखाली पाठ घालायचा. मग ट्रकपासून गाळ्यापर्यंत टाकलेल्या फळीवरून तो जवळजवळ धावतच जायचा. मला लहानपणी वाटायचं, घाई असते म्हणून पळतात. तसं नसतं. ओझ्याखाली हळू चालता येत नाही. हळू चालला तो बसला. आजही अण्णा रिकाम्या अंगाने भाजी आणायला निघतात तेव्हा तशीच छोटी छोटी, भरभर पावलं टाकतात, गुडघे किंचित वाकलेले. सोसायटीतल्या लोकांना वाटतं म्हातारा अजून चपळ आहे.

मानेच्या खाली, दोन्ही खांद्यांच्या मधे त्यांना घट्टा आहे. लहानपणी मी त्यावर बोट दाबून बघायची. आत काही जाणवायचं नाही त्यांना.

त्या किलोमीटरवाल्या उत्तराचा त्यांना इतका त्रास का झाला, हे मला दोन दिवसांनी कळलं. बाजारात पोत्याचं वजन पुन्हापुन्हा होतं. शेतकऱ्याचा माल आला की तोलणार तोलतो, विकला गेला की तोलतात, ट्रक भरला की वजनकाट्यावर ट्रकसकट तोलतात. अर्ध्या किलोवरून तिथे भांडणं होतात. पण एवढ्या सगळ्या तोलण्यात त्या पाठीसाठी एकदाही तोललेलं नसायचं. ऐंशीचं असो की शंभराचं, हमालाला ते "एक नग". नगामागे काही पैसे. पोतं लहान करा, पन्नास किलोच्या वर नको, ही हमालांची मागणी कित्येक वर्षं चालली आणि तिच्यावर उत्तर ठरलेलं असायचं: गिरणी शंभराचंच भरते, आम्ही काय करणार?

माणसाने एका वेळी किती उचलावं, याचा विचार जिनिव्याच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये केला. करार झाला, आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली गेली. भारताने त्या कराराला मान्यता दिली २०१० मध्ये. मधली ४३ वर्षं म्हणजे अण्णांची जवळजवळ सगळी हमाली.

आणि पोत्याचं वजन सरकारला एका फटक्यात बदलता येत नाही असंही नाही बरं का. २०२२ च्या जुलैत २५ किलोपर्यंतच्या बंद धान्यपिशवीवर ५ टक्के जीएसटी लागला, तर लगेच बाजारात २६ किलोच्या पिशव्या आल्या. आमच्या दारात आलेली बॅग तीच. कराच्या हिशेबापायी तांदूळ एका किलोने जड झाला आणि तो किलो त्या पोराने चार मजले चढवला. पाठीसाठी जे चार दशकं झालं नाही ते करासाठी आठवड्यात झालं. मला हसू आलं, पण अण्णांना सांगितलं नाही.

हमाल हा शब्द आपण कसा वापरतो ते एकदा कान देऊन ऐका. माझ्या ऑफिसात, जिथे सगळे वातानुकूलित खोलीत बसून कळफलक बडवतात, तिथे रोज कोणीतरी म्हणतं, "नुसती हमाली चाललीय यार." मी पगारपत्रकं करते, वर्षअखेरीला मलाही कोणी म्हणतं, "आता तुझी हमाली सुरू." शाळेत पाचवीत एका बाईंनी, गृहपाठ न आणलेल्या मुलांना उभं करून, "शिकला नाहीत तर हमाली करावी लागेल" असं सुनावलं होतं. त्या रांगेत मी नव्हते, माझा गृहपाठ झालेला होता. तरी मीच खाली बघितलं. बाई वाईट नव्हत्या. माझे वडील काय करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण फॉर्मवर मी "नोकरी" लिहिलं होतं.

गंमत अशी की ते खोटं नव्हतं. अण्णांना खरोखरच नोकरी लागली होती. फक्त त्यांना नोकरीवर ठेवणारा कोणी नव्हता.

हे जरा समजावून सांगायला हवं. हमालाचा मालक कोण? सकाळी तो या गाळ्यावर ट्रक खाली करतो, दुपारी शेजारच्या गाळ्यात थप्पी लावतो, संध्याकाळी तिसऱ्याची गाडी भरतो. व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणणार, हा माझा नोकर नव्हे. ते खरंच असतं. आणि सगळ्यांचंच म्हणणं खरं असल्यामुळे हमालाला म्हातारपण, आजार, रजा, अपघात यांतलं काही कोणाच्याच खात्यावर येत नाही. मुंबईच्या गोदामांत आणि बंदराकडच्या बाजारात अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना उभी केली ती या प्रश्नावर, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला: महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम. नाव लांबलचक आहे, पण त्यामागची युक्ती मला अजून थक्क करते. मालक शोधत बसायचंच नाही. व्यापाऱ्यांचे, कामगारांचे आणि सरकारचे प्रतिनिधी असलेलं मंडळ करायचं. हमालाची नोंद मंडळात, व्यापाऱ्याचीही नोंद मंडळात. टोळीने जेवढं काम केलं त्याची मजुरी व्यापाऱ्याने मंडळात भरायची आणि वर लेव्ही. ही लेव्ही मंडळागणिक वेगळी, पण क्षुल्लक नव्हे. मजुरीच्या रुपयामागे तीस-चाळीस पैशांच्या घरातली. त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी सुट्ट्या, दवाखाना. एका मालकाला जे परवडत नाही आणि शोभत नाही, ते सगळ्या बाजाराने मिळून करायचं. राज्यात अशी ३६ मंडळं झाली. खासगी सुरक्षारक्षकांसाठी १९८१ मध्ये याच धर्तीवर वेगळा कायदा झाला.

मी पगारपत्रकं करते म्हणून सांगते, वही-खात्यातून इतकी माणुसकी क्वचित निघते.

अर्थात कायदा छापला म्हणजे लगेच लागू होत नाही. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत १९५० च्या दशकापासून होती. बाबा नाना पेठेत दवाखाना चालवायचे आणि तिथे येणाऱ्या हमालांच्या दुखण्याला औषध दवाखान्यात नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असणार. आमच्या घरी त्यांना "डॉक्टर" कोणी म्हटलं नाही, "बाबा" हेच. मोर्चा असला की अण्णा आदल्या रात्री सदरा धुऊन वाळत घालायचे. पोत्याखाली कधी सदरा नसायचा अंगात, बंडी असायची. मोर्चाला मात्र इस्त्री. २०२५ च्या डिसेंबरात, वयाच्या ९५ व्या वर्षी बाबा गेले, त्या दिवशीही अण्णांनी सकाळी उठून सदरा धुतला आणि तो वाळेपर्यंत बाल्कनीत त्याच्याकडे बघत बसून राहिले.

हमाल पंचायतीची "कष्टाची भाकर" १९७४ मध्ये सुरू झाली. कष्टकऱ्याला परवडेल अशा भावात भाकरी-भाजी, ना नफा ना तोटा. अण्णा मला क्वचित तिथे न्यायचे. मला त्या जागेचं आकर्षण वेगळ्याच कारणाने होतं. तिथे अण्णा बाकावर बसायचे. गाळ्यावर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. विसावा घ्यायचा तो उकिडवं, पोत्याच्या आडोशाला.

बोर्डाचं, म्हणजे त्या मंडळाचं, ओळखपत्र मिळालं त्यानंतरची एक गोष्ट घरात अजून सांगितली जाते. मला टायफॉइड झाला होता. अण्णा तीन दिवस घरी राहिले. आईचा जीव खालीवर. माझ्या तापापेक्षा तिला खाड्याची काळजी. तिसऱ्या दिवशी तिने विचारलंच, "आता किती दिवस बसणार?" अण्णा म्हणाले, "रजा हाय." आईला रजा म्हणजे काय ते माहीत होतं, मास्तरांना असते, पोष्टमनला असते. "त्याचे पैसे?" "मिळत्यात." आईने विश्वास ठेवला नाही. पगार हातात आला तेव्हा तिने तो दोनदा मोजला आणि मग शेजारच्या मावशींना बोलावून पुन्हा मोजायला लावला. घरी बसलेल्या हमालाला पैसे मिळतात, ही गोष्ट वाड्यात आठवडाभर फिरत होती. काहींनी ती थापच मानली.

अण्णा ज्यांच्याकडे जास्त काम करायचे ते शेठ मनाने चांगले होते. हे मी मुद्दाम लिहितेय. दसऱ्याला मिठाईचा पुडा, माझ्या वह्या-पुस्तकांना मदत, आजी गेली तेव्हा गावाला जायला पैसे. आईने त्यांच्या नावाने कधी बोट मोडलं नाही. पण उचल हवी असली की अण्णा गाळ्याबाहेर चपला काढून उभे राहायचे आणि दिवाणजी मान वर करेपर्यंत उभेच राहायचे. कधी दहा मिनिटं, कधी तास. दिवाणजींचा तो तास फुकटचा. शेठना त्याची कल्पनाही नसेल. बोर्डाचं पासबुक आल्यावर हे उभं राहणं थांबलं. शेठ आहेत तसेच चांगले राहिले, मिठाईही येत राहिली, पण पुडा घेताना अण्णांची मान वाकायची ती आता वाकेनाशी झाली. हा फरक माझ्या आईने टिपला होता, मी नाही. "आता तुझा बाप पुडा दोन हातांनी घेत न्हाई," ती म्हणाली होती. तक्रारीच्या सुरात की कौतुकाच्या, ते मला आजतागायत उलगडलेलं नाही.

इथवर लिहिलं आणि वाटलं, हे फारच सरळ झालं. कायदा आला, पासबुक आलं, मान ताठ झाली. माझे काका, अण्णांचे भाऊ, ऐकत असते तर त्यांनी मधेच थांबवलं असतं.

काका गावाकडे शेती करायचे. कांदा झाला की गावातल्या चार जणांबरोबर ट्रक करून मार्केट यार्डात यायचे, रात्र गोणींवर काढायचे आणि सकाळी पट्टी घेऊन आमच्याकडे चहाला. पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब: वजन, भाव, रक्कम आणि त्याखाली कपातीची उतरंड. मोटारभाडं, हमाली, तोलाई. शेवटी अडत, म्हणजे अडत्याची दलाली, तीही तेव्हा शेतकऱ्याकडूनच कापत. ती खरेदीदाराकडे गेली २०१६ मध्ये. एका वर्षी कांदा इतका पडला की कपात जाऊन हातात जे उरलं ते काकांनी चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "ही बघ दादा, तुझी हमाली."

अण्णा कांदा विभागात नव्हतेच, त्यांचं भुसार. पण ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुझ्या कांद्याला भाव न्हाई, त्यात माझ्या पाठीचा काय दोष?"

"दोष कुणी म्हणतंय? पण माझ्याकडनं काय गेलं ते मला दिसतंय ना हितं. तुझं दिसतंय."

चहा गार झाला. दोन सख्खे भाऊ, एकाच कोरड्या रानातले. एक पिकवणारा आणि एक उचलणारा, आणि मधे तो कागद. त्या कागदावर हमालाची दमडी न् दमडी लिहिलेली. तोच कांदा चार दिवसांनी कोणी किती भावाला विकला, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. व्यापाऱ्याचा नफा पट्टीवर नसतो. त्यामुळे शेतकऱ्याला वाटतं, आपल्याला लुटलं ते हमालाने आणि तोलणाऱ्याने, कारण नाव त्यांचंच दिसतं. नोंद झाली की माणूस हिशेबात येतो हे खरं, पण हिशेबात येतो तो सगळ्यांच्याच, रागाच्यासुद्धा.

२०२४ च्या एप्रिलात नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव अडले ते याच तीन शब्दांवर: हमाली, तोलाई, वाराई. ते पैसे पट्टीतून कापायचे की नाही, लेव्ही कोणी भरायची, यावर व्यापारी आणि माथाडी अडून बसले आणि शेतकऱ्याचा कांदा चाळीत राहिला. टीव्हीवर ती बातमी लागली तेव्हा काका हयात नव्हते. अण्णांनी आवाज वाढवला, पूर्ण बातमी ऐकली आणि टीव्ही बंद केला.

आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. आम्ही या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा टेम्पोतून सामान उतरवायला माणसं आम्हीच आणली होती. मोटारसायकलवरून तिघं आले. म्हणाले, या भागात उतराई आमची. तुम्ही तुमच्या माणसांकडून उतरवा, पण आमचे पैसे द्या. माथाडीच्या नावाखाली चालणारी ही खंडणी कारखान्यांच्या पट्ट्यात किती बोकाळली आहे ते वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला सांगायला नको. मी पैसे दिले, भांडायची ताकद नव्हती त्या दिवशी. अण्णा टेम्पोशेजारी उभे होते. त्यांनी त्या तिघांतल्या एकाला एवढंच म्हटलं, "सदरा काढ जरा, घट्टा बघू दे." तो हसला आणि नोटा मोजत राहिला. नंतर कितीतरी दिवस अण्णा त्या गोष्टीने खजील होते, जणू चोरी त्यांनीच केली होती. जे उचललंच नाही त्याची हमाली मागणाऱ्यांनी त्यांच्या चाळीस वर्षांच्या ओझ्याला बट्टा लावला, आणि आता माथाडी म्हटलं की लोकांना पहिले तेच आठवतात.

आईचं राहिलं. नेहमी तिचं शेवटीच येतं, या लेखातही तसंच झालं.

आई धान्य निवडायला जायची. गाळ्याच्या मागच्या अंगाला सात-आठ बायका सुपं घेऊन बसायच्या; ज्वारी, तूर, हरभरा, जे येईल ते चाळायचं, पाखडायचं, निवडायचं. मजुरी पोत्यावर. धूळ इतकी की संध्याकाळी भुवया पांढऱ्या. किती पोती झाली याची नोंद दिवाणजी ठेवायचे आणि बायकांची आपली त्यांच्यापुरती असायची. आईची पद्धत अशी: एक पोतं पुरं झालं की धान्यात निघालेला एक खडा पदराच्या गाठीत बांधायचा. संध्याकाळी गाठ सोडून खडे मोजायचे. आमच्या खोलीच्या खिडकीत तिने ते ओळीने मांडून ठेवलेले असायचे, आठवड्याचे खडे.

एकदा हिशेब जुळला नाही. वहीत एकोणीस, खिडकीत बावीस. आई खडे रुमालात बांधून घेऊन गेली. दिवाणजींनी रुमाल उघडून पाहिला आणि म्हणाले, "अगं, खड्यांना काय तोटा? रस्त्यावर पडलेत." सगळे हसले. बायकाही हसल्या असं आई सांगते, आणि ते सांगताना तीही हसते.

तिला ओळखपत्र मिळालं नाही. अण्णांच्या टोळीला मिळालं, त्या टोळीने उचललेलं पोतं आधी जिने निवडलं तिला नाही. तेव्हा टोळीतल्या कोणी तिच्यासाठी मागितलंही नाही, अण्णांनीसुद्धा. मी एकदा त्यांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ते काम बसून असायचं." चाळीस वर्षं वजनाच्या हिशेबासाठी मोर्चे काढलेला माणूस हे म्हणाला. मी पुढे काही बोलले नाही. पुढे सॉर्टेक्सची यंत्रं आली, खडा डोळ्याऐवजी यंत्र ओळखू लागलं, आणि सुपांच्या ओळी उठल्या. उठताना त्यांना ना फंड मिळाला, ना ग्रॅच्युइटी. जिथे नाव नव्हतं तिथून काढायचं कशाला. उद्यापासून येऊ नका म्हटलं की झालं.

तो मुलगा माझ्या डोक्यातून जात नव्हता, म्हणून मी त्याच्यासाठी काय कायदा आहे ते वाचून काढलं. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर झाली २०२० मध्ये आणि लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तिच्यात ॲपवाल्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीचा १ ते २ टक्के हिस्सा निधीत भरायचा आहे, पण कामगारांना जे दिलं त्याच्या ५ टक्क्यांच्या वर तो जाणार नाही. म्हणजे रुपयामागे जास्तीत जास्त पाच पैसे. आणि फेरीला किती द्यायचे, ओझं किती असावं, जिन्याचं काय, हे ठरवायला बसणारं तिहेरी मंडळ त्यात नाही. १९६९ मध्ये, संगणक नसताना, व्यापाऱ्यांच्या लाल वह्यांमधून आपण रुपयामागे तीस पैसे काढून दाखवले होते. ज्या ॲपला त्या पोराचं प्रत्येक वळण, प्रत्येक थांबा, प्रत्येक सेकंद ठाऊक असतो, त्याला बॅगेचं वजन तेवढं ठाऊक नसतं, हे मला तरी पटत नाही. तांदूळ २६ किलोचा आहे हे मला दिसतं खरेदी करताना. त्याला दिसत नाही.

अण्णांना मी हे पाच पैसे सांगितले. त्यांनी विचारलं, "त्याचा दिवाणजी कोण?" मी म्हटलं, दिवाणजी नसतोच, सगळं मोबाइलवर. त्यांनी मान हलवली. "मग उभं कुठं राहायचं?"

त्यांच्या मनात गाळ्याबाहेरचं ते चपला काढून उभं राहणं होतं की मोर्चातलं, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई त्याच तांदळाचं ताट घेऊन खिडकीपाशी बसली होती. मी म्हटलं, "अगं, सॉर्टेक्सचा आहे तो. काही नसतं त्यात."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. चष्मा नाकावर, बोटं जुन्याच वेगाने चाललेली. ताट संपलं, तिने दुसरं भरलं. तेही संपलं. खुर्चीतून अण्णांनी विचारलं, "घावला का एखादा?"

"न्हाई. ह्यात माझं कायच काम न्हाई," असं म्हणून तिने तिसरं ताट पुढे ओढलं.